उताऱ्यातली ओली चादर

बाईंच्या घरी दोन गोष्टी बरेच दिवस लटकून होत्या: एक चादर आणि दुसरी बाईंची बढती. दोन्ही एकाच माणसामुळे. बाई शाळेत भाषा शिकवायच्या. पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली होती आणि ती कुणाला द्यायची हे मुख्याध्यापक ठरवणार होते. हेच मुख्याध्यापक बाईंच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहायचे आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना रोज असं पाणी घालायचे, की कुणालाही वाटावं खाली आग लागली आहे.

"अहो, तुम्ही जाऊन सांगा ना त्यांना," बाई नवऱ्याला म्हणायच्या.

"मी? बढती तुला हवीय की मला?" नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा. "एकदा मिळू दे ती जागा, मग खुशाल भांड. तोवर चादर आत वाळव."

आत जागा नव्हती. आत आधीच्या धुण्यातले ओले कपडे होते.

अशातच मुख्याध्यापकांनी फतवा काढला. मुलं गाईडमधली उत्तरं घोकून येतात, तेव्हा या चाचणीला आकलनाचा उतारा नवा कोरा हवा, बाईंनी स्वतः लिहिलेला. बाई शनिवारी कागद घेऊन बसल्या. डोक्यात काही येईना. समोर बाल्कनी, बाल्कनीत चादर, चादरीवर टप टप टप. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, उतारा एका दमात लिहून झाला.

"एका इमारतीत एक वृक्षप्रेमी गृहस्थ राहतात. झाडांना पाणी घालताना ते हात आखडता घेत नाहीत. आधी कुंडी भरते, मग कुंडीखालची ताटली भरते, मग बाल्कनी भरते. उरलेले पाणी खालच्या मजल्यास मिळते. तेथे दोरीवर एक चादर वाळत आहे. ती मंगळवारी धुतली होती. आज शनिवार आहे."

खाली प्रश्न: वरील उताऱ्यामागील लेखकाचा मुख्य हेतू कोणता? पर्याय: (अ) झाडांच्या निगेविषयी माहिती देणे, (ब) वाचकांची करमणूक करणे, (क) पाण्याचे महत्त्व पटवणे, (ड) शेजाऱ्याची तक्रार करणे. चौथा पर्याय वेडगळ असावा लागतो, म्हणजे ढ मुलालाही काहीतरी बाद केल्याचं समाधान मिळतं. बाईंनी (अ) हे बरोबर उत्तर ठरवलं आणि आपण किती बेमालूम लिहितो, या विचाराने स्वतःवरच खूश होऊन झोपल्या.

अख्ख्या वर्गाने (ड) लिहिलं. जो मुलगा एरवी स्वतःचा हजेरी क्रमांकही चुकवायचा, त्यानेसुद्धा.

"अरे, तक्रार कुठे दिसली तुम्हाला?" बाई वर्गात कडाडल्या. "झाडांची माहिती आहे ती!"

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "बाई, पण झाडाचं नावच नाहीये उताऱ्यात. त्याला ऊन किती लागतं, खत कुठलं, काहीच नाही. चादर कधी धुतली ते मात्र वारासकट आहे."

"म्हणून काय झालं?"

"तुम्हीच शिकवलंत ना, बाई? लेखक शेवटी जिथे येऊन थांबतो, तिथे येण्यासाठीच त्याने आधीचं सगळं लिहिलेलं असतं."

आपण शिकवलेलं मुलांच्या लक्षात राहतं, हा शिक्षकी पेशातला केवढा मोठा धोका आहे, हे बाईंना त्या दिवशी कळलं. (ड) बरोबर धरावं, तर मुख्याध्यापकांविरुद्धची तक्रार स्वतःच्या सहीनिशी मान्य केल्यासारखं. (अ) धरावं, तर सगळा वर्ग चूक. बाईंनी क्षणभर विचार केला. मग बढतीचा विचार केला आणि सगळ्या वर्गाला शून्य दिलं.

दुसऱ्याच दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीचे वडील थेट मुख्याध्यापकांपुढे हजर. "आमच्या मुलीचं उत्तर बरोबर आहे, सर. मी वाचलं, बायकोने वाचलं. आमच्या वरचे लोकही अगदी असलेच आहेत हो!"

मुख्याध्यापकांनी शिक्षकांची तातडीची बैठक लावली. उतारा हातोहात फिरला. मुख्याध्यापकांची बाल्कनी कुठे आहे आणि तिच्याखाली कोण राहतं, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. नोकरी टिकवण्याइतकं आकलन त्या खोलीत प्रत्येकाकडे होतं.

"माझ्या मते यात बाष्पीभवन समजावलंय," विज्ञानाच्या बाई घाईघाईने म्हणाल्या. "चादर वाळत नाही, म्हणजे हवा दमट."

"छे! हे सरळ सरळ गणित आहे," गणिताचे सर म्हणाले. पर्यवेक्षकाच्या जागेवर त्यांचाही डोळा होता. "वरून पाणी येतंय अमुक वेगाने, चादर वाळतेय तमुक वेगाने, तर चादर कधी वाळेल? फक्त तो गृहस्थ कोण, ते बाईंनी सांगितलं तर उदाहरण लवकर सुटेल."

बाईंच्या घशाला कोरड पडली. एवढ्या सगळ्या प्रकरणात कोरडं असं तेवढंच होतं.

मुख्याध्यापकांनी उतारा मागून घेतला आणि मोठ्याने वाचला. मग पुन्हा एकदा, मनातल्या मनात. मग चष्मा काढून पुसला.

"बाई," ते म्हणाले, "हा गृहस्थ मीच ना?"

"नाही सर, म्हणजे काल्पनिक... अगदीच काल्पनिक..."

"लपवू नका." मुख्याध्यापकांचा आवाज भरून आला. "'हात आखडता घेत नाहीत.' काय लिहिलंयत हो! घरात बायको म्हणते, सगळा चिखल केलात. मला वाटायचं, माझी झाडं कुणाच्या खिजगणतीतच नाहीत. आणि तुम्ही खालून रोज बघत होतात! 'उरलेलं पाणी खालच्या मजल्याला मिळतं.' म्हणजे माणूस स्वतःपुरतं बघत नाही, असंच ना?"

"असंच, सर," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"आणि सर, ती चादर?" गणिताच्या सरांनी शेवटचा प्रयत्न केला.

"तुम्ही गणितवाले, तुम्हाला नाही कळायचं," मुख्याध्यापक म्हणाले. "चादर प्रतीक आहे. मंगळवार गेला, शनिवार आला, ओलावा तसाच. माया आटत नाही, सर!"

गणिताच्या सरांनी आ वासला आणि नोकरीचा विचार करून मिटला. उताऱ्याचा मुख्य हेतू 'गौरव करणे' असा ठरला. तो पर्याय कागदावर नसल्यामुळे सगळ्या मुलांना पूर्ण गुण मिळाले, आणि साहित्याची एवढी जाण असलेल्या बाईंना तिथल्या तिथे पर्यवेक्षकपद.

बाई घरी आल्या त्या तरंगतच. "अहो, मिळाली जागा!"

"वा!" नवऱ्याने चक्क पेपर खाली ठेवला. "आता जा वर आणि पाण्याचं सांगून टाक."

"काय सांगू?" बाई धपकन खुर्चीत बसल्या. "गौरव केलाय ना मी त्या पाण्याचा! सगळ्यांसमोर!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात मुख्याध्यापक, हातात एक भलीमोठी टांगती कुंडी. "पर्यवेक्षक बाई, ही तुम्हाला, माझ्याकडून." नको नको म्हणेपर्यंत ते बाल्कनीत गेलेसुद्धा. चादर बाजूला सारून त्यांनी कुंडी दोरीच्या वरच्या हुकाला अडकवली. "आणि पाण्याची काळजी तुम्ही करायची नाही. तुम्हाला आता शाळेचा व्याप. मी घालत जाईन, वरूनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या पर्यवेक्षक बाई धुतलेली चादर हातात घेऊन दोरीपाशी उभ्या होत्या. वरून नेहमीच्या टप टपऐवजी धो धो धार आली. नेम चांगला नव्हता. कुंडी कोरडीच राहिली.

"बाई, पोचतंय ना?" वरून प्रेमळ हाक आली.

बाईंनी डोळ्यांवरचं पाणी चादरीने पुसलं.

"पोचतंय, सर."