लांब नावाचा आजार

पुष्पलताने एखादी गोष्ट मनावर घेतली की तिच्या घरचे लोक मुकाट्याने बाजूला होतात. या वेळी तिने इंग्रजी मनावर घेतलं होतं. धंतोलीतल्या ज्या हॉस्पिटलात ती रिसेप्शनवर बसायची, तिथल्या मॅडमनी, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या पत्नींनी, स्टाफ मीटिंगमध्ये जाहीर केलं होतं, की ज्याची व्होकॅब्युलरी ॲडव्हान्स्ड असेल त्यालाच फ्रंट ऑफिस हेड करणार. हे बोलताना त्यांनी हिमानीकडे पाहिलं. हिमानीला नोकरीला लागून पुरतं वर्षही झालं नव्हतं, पण ती कॉन्व्हेंटची होती आणि शिंकली तरी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणायची. पुष्पलता इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसली होती ती काय हिमानीला चहा विचारायला? तिने ठरवलं, जागा आपलीच.

मोबाइलवर शिकवणारे एक सर होते. त्यांचं म्हणणं असं, की शब्द पाठ करून आपला होत नाही. त्याच दिवशी जित्याजागत्या माणसावर वापरला तरच होतो. सक्करदऱ्याच्या घरात असा हाताशी असलेला माणूस म्हणजे तिचा नवरा, पियूष.

“पोहे एक्स्क्विझिट झाले,” ती सकाळी म्हणाली. तिला ‘अप्रतिम’ म्हणायचं होतं. पोहे पियूषनेच केले होते. त्याचा घास तोंडापाशीच थांबला.

“मीठ जास्त झालं काय?”

“नाही जी. एक्स्क्विझिट.”

“मंग कच्चे राहिले काय? साफ साफ सांग ना.”

त्याने पोह्यांवर तर्री, म्हणजे तिखट रस्सा, ओतली आणि तो पडेल चेहऱ्याने खाऊ लागला. खरं म्हणजे पुष्पलताने इथेच शहाणं व्हायला हवं होतं. पण त्याच दिवशी चार वाजता मॅडम मुलाखत घेणार होत्या आणि तिला शहाणं व्हायला वेळ नव्हता.

त्या दिवशीचा शब्द होता ‘इनकॉन्सिक्वेन्शियल’. किरकोळ, ज्याचं काही मनाला लावून घेऊ नये असं. दुपारपर्यंत तिने तो तोंडात घोळवला, पण वापरायला माणूस मिळेना. तेवढ्यात कुही गावाकडचे एक पेशंट, भैय्याजी, तपासणी आटोपून बाहेर आले. सोबत मुलगा प्रीतम. आदल्या दिवशी एका लग्नात भैय्याजींनी जाळ तिखट सावजी रस्सा रेटून हाणला होता आणि सकाळपासून त्यांची छाती जळत होती. आतून डॉक्टरसाहेबांचा फोन आला, “ईसीजी चांगला आहे, नुसता गॅस आहे. गोळी दिली आहे. घरी जाऊ द्या.”

पुष्पलता ताठ बसली. “डॉक्टरसाहेब म्हणाले, तुमच्या बाबांचा त्रास इनकॉन्सिक्वेन्शियल आहे.”

प्रीतमच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. “काय म्हणाले, ताई? आणखी एकदा सांगा.”

तिने सांगितलं. पहिल्या वेळेपेक्षा छान जमलं. प्रीतम खांबाआड गेला आणि त्याने आईला, अंजनाबाईंना, फोन लावला.

“आई, बाबाच्या आजाराचं नाव लय लांब हाये वं.”

“किती लांब?” पलीकडचा आवाज खांबाच्या अलीकडेही ऐकू येत होता.

“एका दमात म्हणता येत नाही.”

अंजनाबाईंनी फोनवरच हंबरडा फोडला. त्यांचा अनुभव दांडगा होता. भावाला बीपी, दोन अक्षरांचा. बहिणीला शुगर, तीन अक्षरांची. दोघंही ठणठणीत फिरत होते. शेजारच्या म्हाताऱ्याला मात्र कुणाला उच्चारता येईना असं काहीतरी झालं आणि तो पंधरवडाही टिकला नाही.

पुष्पलता घाबरून काउंटरबाहेर आली. “दादा, रडू नका. अगदी ट्रिव्हियल आहे. निग्लिजिबल.”

“आणखी दोन निघाले?” असं म्हणत प्रीतम मटकन खाली बसला.

पुढचं सगळं प्रीतमने केलं. त्याने बाबांना व्हीलचेअरवर बसवलं, संत्र्याचा ज्यूस पाजला आणि गावातल्या ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. भैय्याजींना आपल्याला काय झालं ते कळलं नव्हतं, पण घरात इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. मुलाखतीची वेळ होत आली तेव्हा दारात दोन टेम्पो थांबले. अंजनाबाई उतरल्या, त्यांची बहीण बायजाबाई उतरली, अर्धं गाव उतरलं. सगळ्यांत शेवटी भैय्याजींचा धाकटा भाऊ आला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, दोघांचं बोलणं कधीचं बंद होतं. त्याने व्हीलचेअरवरच्या भैय्याजींचे पाय धरले.

“दादा, धुरा तुमचाच हाये. मीच नांगर आत घातला.”

भैय्याजींनी एक डोळा उघडला. “सगळ्यायसमोर म्हण.”

भावाने मोठ्याने म्हटलं. लॉबीत एकच रडारड उठली. हिमानी ‘प्लीज मेंटेन सायलेन्स’ म्हणत फिरत होती. तिचं इंग्रजी ऐकून बायका आणखी रडत होत्या. आवाजाने मॅडम बाहेर आल्या, मागोमाग डॉक्टरसाहेब.

“काही झालेलं नाही. गॅस आहे,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

बायजाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “एवढे मोठे डॉक्टर, अन् एक इंग्रजी शब्द येत नाही काय? काहून लपवून राहिले गा? त्या ताईनं सगळं सांगतलं आमाले.”

सगळं गाव पुष्पलताकडे वळलं. मॅडमही. हातची जागा जाताना तिला स्पष्ट दिसत होती. पण अंजनाबाईंचे डोळे रडून सुजले होते आणि ते तिला बघवेनात. ती खुर्चीवर चढली.

“भैय्याजीले गॅस झाला हाये. लग्नात रस्सा जास्त झाला. तो शब्द मी आजच शिकली. चार वाजता बोलून दाखवाचा होता, म्हणून तुमच्यावर वापरून पाह्यला. चूक माही हाये. आता डोळे पुसा अन् घरी जा.”

“असं पहिलेच सांगाचं ना वं बाई,” बायजाबाई म्हणाल्या. अंजनाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या नवऱ्याकडे वळल्या. “उठा. घरी चला, तुमाले रस्सा दाखवतो.” बघता बघता लॉबी रिकामी झाली.

मॅडम काउंटरपाशी आल्या. मग म्हणाल्या, “एवढ्या लोकांना एका दमात घरी पाठवलंत. जागा तुमची. पण काउंटरवर पुन्हा इंग्रजी ऐकू आलं तर माझ्याशी गाठ आहे.”

पुष्पलता हेड झाली, पण तिला मनापासून वाईट वाटलं. शब्द रोज येत होते आणि माणूस मिळत नव्हता. पियूष तर ती तोंड उघडताच स्वयंपाकघर सोडून जायचा. तरी तिने शिकणं सोडलं नाही.

एका दुपारी भैय्याजी एकटेच काउंटरवर वाकले. तब्येत झकास दिसत होती.

“भाऊ पलटला, बाई. गॅस समजला अन् धुरा विसरला. बाहेर मोटारसायकल लावून राहिला तो. त्याच्यासमोर तो शब्द आणखी एक खेप सांगा ना.”

पुष्पलताने मॅडमच्या केबिनकडे पाहिलं. दार बंद होतं.

“तो त्याले माहीत झाला आता,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “आजचा नवीन हाये. त्याच्याहून लांब.”

भैय्याजींनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि भावाला हाक मारली.