पंख्यावरून लॅपटॉप पारखणारे सुखदेवभाऊ

सुखदेवभाऊ दुकानात आले की आधी लॅपटॉप तळहातावर घेऊन तोलायचे. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यातला एकुलता एक व्हिडिओ लावायला सांगायचे, आणि तो सुरू होतो न होतो तोच पडद्याच्या मधोमध उजवा पंजा पसरून ठेवायचे. पंजा चांगला फावड्याएवढा. जवळजवळ सगळं चित्र झाकलं जायचं. वरच्या कोपऱ्यात तेवढा एक छताचा पंखा फिरताना दिसायचा. त्या पंख्याकडे सुखदेवभाऊ टक लावून बघत बसायचे. पंखा जरा अडखळला की डाव्या हाताने पेन ड्राइव्ह उपसायचे आणि म्हणायचे, "अटकते."

एवढं बोलून माणूस चालता व्हायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

माझं खामगावात लॅपटॉपचं छोटं दुकान आहे. नवे विकतो, जुने दुरुस्त करतो, आणि ज्या वर्षी दोन्ही चालत नाही त्या वर्षी खुर्चीत बसून रस्ता बघतो. हे वर्ष रस्ता बघण्याचं होतं. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, पानं लाल करून वाळवणारा लाल्या रोग आला होता. बीटी आल्यावर पहिली काही वर्षं कापसाने लोकांना जे हसवलं होतं, ते आता व्याजासकट परत घ्यायला निघाल्यासारखा कापूस वागत होता. आमच्याकडे कापूस चांगला तर दुकान चांगलं, मग ते दुकान चपलांचं असो की कॉम्प्युटरचं. त्यामुळे सुखदेवभाऊंना सहन करण्याइतका वेळ माझ्याकडे भरपूर होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी आपली मागणी सांगितली होती. "मले हलका पाह्यजे. मांडीवर ठेवला तं समजला नाई पाह्यजे. अन् एचडी व्हिडिओ त्याच्यावर न अटकता चालला पाह्यजे."

"भाऊ, दोन्ही एका जागी सापडणं कठीण आहे," मी म्हणालो. "हलक्यात प्रोसेसर बारका असते. बारक्या बैलाले भरलेली गाडी जुपली तं चढावर थांबणारच."

"मंग जड घेऊ म्हनतोस?"

"जड चांगला चालते."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांना काही चोरीचा माल दाखवतो आहे. "जड माल म्हनजे पान्याचा माल," ते म्हणाले. "तीस वर्षं कापूस पाह्यला बाप्पा मी. ज्याच्या मनात खोट हाये तो गाडीवर रातभर पानी मारते. वजन वाढवते. सच्चा माल हलका असते, सुका असते. हे मले शिकवू नको."

मग त्यांनी शेल्फातला सगळ्यात जड लॅपटॉप उचलला, तळहातावर दोनदा वरखाली केला आणि खाली ठेवत म्हणाले, "ओला हाये हा."

तर सुखदेवभाऊ एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा केवढा, ओलावा किती, कचरा किती ते जागेवर सांगायचं, हे त्यांचं काम. पुढे यंत्रं आली, पण यंत्राचा आकडा भाऊंच्या आकड्यापाशीच येऊन थांबायचा असं जुने अडते सांगतात. निवृत्त झाल्यावर हात मोकळे राहिले आणि त्यांना कुठे घालावं हे भाऊंना कळेना. लग्नाच्या मांडवात गादीवर बसले तर गादीच्या शिवणीतून कापूस उपसून ओढून बघत. माझ्या दुकानातल्या खुर्चीची उशी अशीच फाडली आणि वर मलाच ऐकवलं, "फरदडीचा हाये. फसवलं तुले." फरदड म्हणजे हंगाम सरल्यावरही ठेवलेल्या पऱ्हाटीचा शेवटचा, कमी दर्जाचा कापूस. त्या उशीवर मी चार वर्षं सुखाने बसलो होतो. त्या दिवसापासून ती टोचायला लागली.

"हात खोटं बोलत नाई," हे त्यांचं पालुपद. दिवसातून दहा वेळा. पण अलीकडे ते म्हणून झालं की ते जरा थांबत आणि हाताकडे बघत.

बाजारातल्या सगळ्या दुकानांत त्यांचं नाव पंखेवाले भाऊ पडलं होतं. मीसुद्धा हसणाऱ्यांत होतो, खोटं कशाला सांगू. एकदा तर मी म्हणालो, "भाऊ, पंखाच पाह्याचा आहे तर घरचा पाहा ना. लाइट असेपर्यंत फुकट आहे."

ते रागावले नाहीत. "घरचा पंखा मले अटकला तरी चालते," एवढंच म्हणाले.

व्हिडिओला आवाज नव्हता, म्हणजे नुसती पंख्याची घरघर होती. मी एकदा आवाज वाढवला तर म्हणाले, "आवाजाचं काम नाई. चित्र साफ पाह्यजे." मी फाइल बारीक करून देतो म्हणालो, म्हणजे कोणत्याही डबड्यावर चालेल. तर म्हणाले, "बारीक केल्यावर तोंड साफ दिसते का?" मी म्हणालो, थोडं पुसट दिसेल. "मंग नाई." पंखा बघणाऱ्या माणसाला तोंड कशाला साफ हवं, हे मी विचारलं नाही. ज्या वर्षी धंदा नसतो त्या वर्षी माणूस आळशी होतो, अगदी कुतूहलातसुद्धा.

शेवटी एक हलका, बरा प्रोसेसर असलेला लॅपटॉप माझ्याकडे आला. बंगळूरला नोकरी लागलेल्या कुणीतरी मोठा घेतला म्हणून हा विकला होता. त्यावर दुसरे एचडी व्हिडिओ छान चालत होते. भाऊंनी तोलला. "सुका हाये," म्हणाले. पेन ड्राइव्ह लावला, पंजा ठेवला, आणि पंखा अटकला.

आता मात्र मला त्या पंख्याचा राग आला. मी पेन ड्राइव्ह हातात घेऊन नीट पाहिला. जुनाट, एका बाजूने चेपलेला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. दोष एकाही लॅपटॉपचा नव्हता. त्या पेन ड्राइव्हमधून चित्र बाहेर यायलाच वेळ लागत होता.

"भाऊ, फाइल लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली की धडाधड चालते पाहा."

"नाई उतरवाची."

"काऊन?"

"माल गोदामात उतरला का मालकाचा राहत नाई. कोनीबी हात घालते."

"भाऊ, चार महिने झाले तुम्ही आख्ख्या खामगावातले लॅपटॉप नापास करून राह्यले. एका पंख्यासाठी?"

ते त्या टोचणाऱ्या उशीवर बसले. म्हणाले, "पंख्याखाली माझी पोरगी हाये."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण ते सांगताना त्यांनी एकही वाक्य धड पूर्ण केलं नाही.

त्यांची बायको, शांताकाकू, त्याच जिनिंगमध्ये रेच्यांवर होती. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. असे चाळीस रेचे एका शेडमध्ये ओळीने धडधडत असतात. तिथे बोललेलं कानाला ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता, तोंड मोठं उघडून सावकाश बोलतात आणि एकमेकींचे ओठ वाचतात. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची सगळी तक्रार सांगते आणि मधल्या मुकादमाला पत्ता लागत नाही. वीस वर्षांत काकूंचे कान गेले. दमाही आला, रुईच्या धुळीने. पण ओठ वाचणं राहिलं. घरात सगळे तसंच बोलायचे, कारण पोरगी वंदना त्याच शेडच्या दारात लहानाची मोठी झाली होती.

वंदनाला स्थळ आलं बीबी गावाकडचं. मुलीचा बाप जमीनजुमला बघायला जातो, तसे सुखदेवभाऊ गेले. बीटीची पहिली वर्षं होती. पऱ्हाटी पुरुषभर उंच, बोंडांनी वाकलेली. भाऊ शेतात शिरले, एक बोंड तोडलं, धागा ओढला आणि तिथेच, बांधावर, होकार देऊन आले. नवरदेव घरात चहाला थांबला होता, त्याच्याशी नीट बोललेही नाहीत. गावात येऊन सगळ्यांना सांगितलं, असा धागा जिल्ह्यात नाही.

पुढे पऱ्हाटी फसत गेली आणि जावई दारूला लागला. मग हात उचलायला लागला. एका दुपारी वंदना पिशवी घेऊन दारात येऊन उभी राहिली. सुखदेवभाऊ तिला म्हणाले, "एवढा हंगाम निघू दे, मंग पाहू." तिला पाणी दिलं आणि स्वतः एसटीत बसवून दिलं. बीबीच्या एसटीत. ती मधेच कुठे तरी उतरली आणि पुण्याला गेली. तिथे एका दवाखान्यात कामाला आहे. त्याला सहा वर्षं झाली. बापाशी ती एक शब्द बोललेली नाही.

"आईले फोन करून काय फायदा, तिले ऐकू येत नाई," भाऊ म्हणाले. "मंग तिनं हे पाठवलं. आपल्या इकडच्या उंद्रीची एक बाई तिच्यासंगं कामाले हाये, तिच्या हाती. निरोप हाये का आईलेच दाखवजा."

"म्हणून पंजा ठेवता?"

"मलेबी ओठ वाचता येते ना. एकदा पाह्यलं तं समजून जाईन. आईसाठी हाये ते. मी कायले पाहू?"

मग एकेक गोष्ट उलगडली. काकू खाटेवरच असतात, दम्यामुळे उशीला टेकून. अंगावर जड पांघरूणही सोसत नाही, म्हणून हलका हवा. ओठ वाचायचे म्हणून चित्र साफ हवं. आणि अटकायला नको, कारण ओठ मधेच थांबले तर शब्द जातो. चार महिने मी ज्या माणसाला हसत होतो तो माझ्याहून नेमकं बोलत होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

शेवटी फाइल उतरवायला ते तयार झाले, पण उतरवताना त्यांनी मला भिंतीकडे तोंड करायला लावलं. दोघेही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय वाटलं असेल देव जाणे. मग पंजा ठेवून त्यांनी पंखा तपासला. पंखा न थांबता फिरला. सुखदेवभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती दोन दिवस दुखत होती.

लॅपटॉप लावून द्यायला मीच घरी गेलो. काकू म्हणजे मूठभर बाई, पण आवाज रेच्यांवर मात करणारा. "पोरगा कोनाचा रे हा?" त्यांनी विचारलं ते चार घरांत ऐकू गेलं असेल. लॅपटॉप मांडीवर ठेवला तर म्हणाल्या, "याच्यात काही हाये का नाई? वजनच नाई." भाऊंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी व्हिडिओ लावला आणि बाजूला झालो. भाऊ खाटेच्या पलीकडे, पडद्याच्या पाठीमागे बसले.

काकूंचे ओठही हलायला लागले. पोरीचा प्रत्येक शब्द त्या आपल्या तोंडात फिरवून घेत होत्या. मधे एकदा हसल्या. मग पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला, कारण पदराआड शब्द सुटला असता. खोलीत पंख्याची घरघर चालली होती, पुण्यातल्या. घरचा पंखा लाइट नसल्यामुळे बंद होता.

चार मिनिटांनी व्हिडिओ संपला. सुखदेवभाऊंनी आवाज न काढता, तोंड मोठं उघडून काही विचारलं. मला ओठ वाचता येत नाहीत, पण ते एवढं सोपं होतं की मलाही समजलं. माझं नाव काढलं का?

"नाई," काकू मोठ्याने म्हणाल्या.

भाऊंनी मान हलवली. उगीच खाटेचा एक सुटलेला धागा धरून अंगठ्यांत ओढायला लागले. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "पुन्हा लाव बरं. मले वाटते मधातलं एक सुटलं."

मी पुन्हा लावला. या वेळी काकू पडद्याकडे कमी आणि पडद्यावरून भाऊंकडे जास्त बघत होत्या. संपल्यावर ठणकावून म्हणाल्या, "हाव, काढलं ना. गुडघा कसा हाये बाबाचा, विचारते. मीच वाचाले चुकली."

"गुडघा बरा हाये म्हना," सुखदेवभाऊ घाईघाईने म्हणाले. मग व्हिडिओला उत्तर देता येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते चहा ठेवायला आत गेले.

त्यानंतर मी अधूनमधून जातो. कधी चार्जर, कधी बॅटरी, काही तरी निमित्त निघतं. मुलीचा दुसरा व्हिडिओ आलेला नाही. हाच लागतो, रोज. काकू वाचून सांगतात, भाऊ पडद्यामागे बसून ऐकतात. एकदा मी त्यांना अंगणात गाठून म्हणालो, "भाऊ, आता काकूंचं पाहून झालं. तुम्हीही एकदा समोर बसून पाहा ना. तुम्हाला तर वाचता येतं."

"नाई बाप्पा," ते म्हणाले. "मले ती सांगते तेच बरं हाये."

परवा गेलो तेव्हा भाऊंच्या पायात नव्या चपला होत्या. वंदनाने बजावून सांगितलं म्हणे, की बाबांना म्हणावं फाटक्या चपला घालून बाजारात हिंडू नका. चार मिनिटांच्या त्याच व्हिडिओत.