जबड्याचा स्वतंत्र केसपेपर

आमच्या रुग्णालयात बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा आजारी पडण्याची सोय नाही. खिडकी क्रमांक चारवर तेवीस वर्षं बसून मी हे जबाबदारीने सांगतो. फाइलवर एकदा 'पूर्ण बरा' हा शिक्का बसला की ती तळघरात जाते, आणि तळघराची किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ रजेवर असतात.

बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका रुग्णाला सगळे मामा म्हणत; त्यांच्या फाइलवर तो शिक्का मीच मारला होता. तोंडाचा कर्करोग, पस्तीस दिवस किरणांचा शेक, रोग साफ. मामांनी खुशीत येऊन माझ्या खिडकीसमोर एक अख्खी धून वाजवली होती. चार वर्षांनी ते परत आले ते गालाला रुमाल बांधून. बोलायचं काम त्यांच्या बायकोकडे, मामींकडे होतं. तसं ते लग्न झाल्यापासूनच होतं म्हणा.

"शेकाने जबड्याचं हाड मेलंय यांचं," मामी म्हणाल्या. "दाढ काढली, ती जखम भरलीच नाही. आत जंतूंनी संसार थाटलाय. हनुवटीतून पू येतो. दाताचे डॉक्टर म्हणाले, मेलेलं हाड आठ दिवसांत काढा, नाहीतर जबडा मोडेल. भरती करून घ्या हो."

"नाही घेता येणार. हे बरे आहेत."

"अहो, तोंडाकडे बघा त्यांच्या!"

"तोंड बघायला डॉक्टर आहेत, बाई. मी कागद बघतो."

मामांनी रुमाल सोडला. शेजारच्या खिडकीतल्या माझ्या सहकाऱ्याने उघडलेला डबा बंद केला आणि तो थेट अर्ध्या दिवसाच्या रजेवर गेला. पण वासाची नोंद करायला आमच्या तक्त्यात रकानाच नाही.

मी काही दगड नाही. मलाही दया येते, फक्त ती योग्य मार्गाने यावी लागते. मी नियमावली चाळली आणि पळवाट सापडली. मामा बरे होते हे खरं. पण त्यांचा जबडा स्वतःच्या नावाने आमच्याकडे कधी आलाच नव्हता! मी आनंदाने नवा केसपेपर काढला. नाव : खालचा जबडा, उजवी बाजू. वय : बासष्ट. व्यवसाय : चावणे, प्रसंगी वादन. सोबतचे नातेवाईक : मामा. रुग्णाशी नातं काय, इथे जरा अडलं. मामी म्हणाल्या, "मालक लिहा." मी 'निकटचे' असं लिहिलं.

जबड्याला सतरा नंबरची खाट मिळाली. मामा तिच्यावर आडवे होणार तोच सिस्टर कडाडल्या, "नातेवाइकांनी खाटेवर झोपायचं नाही! भेटायची वेळ चार ते सहा."

"अहो सिस्टर, जबडा त्यांनाच चिकटलाय!"

"मग जबडा उशीवर ठेवायचा आणि बाकीच्यांनी खाली बसायचं."

मामा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हनुवटी उशीवर टेकवली. जंतूंवरचं औषध सलाइनमधून द्यायचं होतं, पण सलाइन रुग्णाच्याच हाताला लावायची असा नियम, आणि जबड्याला हात नव्हते. मामांना दोन होते, पण ते पडले नातेवाईक. शस्त्रक्रियेचे डॉक्टर भला माणूस. ते सुरी घेऊन तयार होते. भूल देणारे डॉक्टर मात्र ठाम होते. "नातेवाइकाला भूल देऊ? उद्या माझी नोकरी जाईल!"

या सगळ्यात जंतूंचं कौतुक करावं तेवढं थोडं. ना अर्ज, ना सुट्टी, ना वरिष्ठांची सही. आठ दिवसांचं काम त्यांनी सहा दिवसांत उरकत आणलं.

सातव्या दिवशी मामी मामांना धरून पुन्हा माझ्या खिडकीशी आल्या. "ती जुनी फाइल उघडा. पाया पडते तुमच्या."

मामांनाही काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि कट् असा आवाज झाला. मामा गाल धरून खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला मनापासून वाईट वाटलं. मी तत्परतेने दुसरा केसपेपर काढला, कारण आता रुग्ण दोन झाले होते.

"या दुसऱ्या तुकड्यासोबत वेगळा नातेवाईक लागेल," मी म्हणालो.

मामी मागे वळल्या. रांगेत चाळीस माणसं उभी होती. "अहो, कुणीतरी बोला यांना! माझा माणूस जातोय हो!"

चाळीस जणांनी आपापली टोकनं वाचायला घेतली. टोकनावर एकच आकडा असतो, पण सगळे अगदी मन लावून वाचत होते. मग मागून एक आवाज आला, "बाई, जरा बाजूला होता का? आम्हालाही कामं आहेत."

सूचना रास्त होती. मी लगेच पुढचा नंबर पुकारला.

त्या रांगेत तुम्ही शेवटून चौथे होतात. तुमचं काम त्या दिवशी वेळेत झालं, आठवतंय ना?