प्रीमियम पोरं

शाळेच्या कचेरीची खिडकी सरकवून विल्फ बोरिल यांनी फुकट जेवणाचा कोरा अर्ज कारकून ग्लेनिस टास्करच्या पुढ्यात परत ठेवला. ही तिसरी खेप.

"पोरी, चाळीस वर्षं ट्रॉलरवर मासे ओढलेत मी. कुणापुढं हात पसरला नाही. नातीच्या नावानं भीक मागायची वेळ अजून आली नाही."

ग्लेनिस अठ्ठावन्न वर्षांची होती, पण क्लीथॉर्प्स गावातली ऐंशीच्या आतली प्रत्येक बाई विल्फच्या लेखी पोरच. ही भीक नव्हे, कमी मिळकतीच्या घरातल्या मुलांसाठी सरकार शाळेलाच पैसे देतं, पण पालकांनी अर्ज केला तरच, हे तिनं पुन्हा समजावलं. लहान वर्गांना जेवण तसंही फुकट, मग अर्ज कशाला, असं म्हणून म्हातारा चालता झाला.

ग्लेनिसचा जीव टांगणीला लागला. गुरुवारी सरकारी गणती होती. त्या दिवशी अर्जांत जी नावं असतील, त्यांचेच पैसे शाळेला वर्षभर मिळणार. नावं कमी पडली तर नाताळनंतर नोरीनला काढावं लागेल, असं हेडमास्तरांनी स्वच्छ सांगितलं होतं. नोरीन म्हणजे विल्फच्या नातीला, केझियाला, रोज सकाळी शेजारी बसवून वाचायला शिकवणारी बाई. अक्षर पाहिलं की टेबलाखाली लपणारी केझिया आता अख्खं वाक्य वाचत होती.

दोष अर्जासोबत घरी जाणाऱ्या पत्राचा आहे, असं ग्लेनिसनं ठरवलं. 'गरजू', 'अल्प उत्पन्न', 'साहाय्य' हे सगळे शब्द तिनं उडवले. सरकारनं योजनेला 'प्युपिल प्रीमियम' असं भारदस्त नाव दिलं होतं, तेवढंच ठेवलं. 'आपलं मूल प्रीमियम विद्यार्थी असू शकतं. गुरुवारपूर्वी अर्ज करावा.' अशी नऊ पत्रं तिनं, ज्यांचे अर्ज यायचे राहिले होते त्या नऊ मुलांच्या दप्तरांत सरकवली आणि समाधानानं चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी एका आईनं 'आम्हाला विमा नको' म्हणून पत्र परत पाठवलं. पाठोपाठ फिलिपा थॉर्नली आल्या. नवऱ्याचा कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरची घरं, विकण्याचा धंदा; शाळेच्या फाटकावर जमणाऱ्या पालकांतलं सगळ्यांत श्रीमंत प्रस्थ. उन्हाळ्यापासून मात्र त्या मुलाला चालत आणत. तब्येतीला बरं, म्हणत.

"मिसेस टास्कर, काही मुलं प्रीमियम आहेत म्हणे. रूफसला पत्र नाही. तो व्हायोलिन वाजवतो."

मागे रांगेत पत्र मिळालेल्या दोन आया उभ्या होत्या. खरा अर्थ सांगावा तर त्यांची मान खाली जाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. ग्लेनिसनं मुकाट्यानं अर्ज दिला.

फिलिपाबाईंना मिळाला म्हटल्यावर आम्ही काय घोडं मारलंय, म्हणून सगळं फाटक खिडकीशी लोटलं. कुणी पोहण्याचं प्रमाणपत्र आणलं, कुणी मुलाचे दात उत्तम असल्याची दंतवैद्याची चिठ्ठी. चाळिसाव्या प्रतीला झेरॉक्स मशीननं मान टाकली.

केझियाचे विसरलेले बूट द्यायला आलेले विल्फ हा तमाशा बघत होते.

"रूफस? परवा घसरगुंडीवर पँट फाडून घेतली तो? तो प्रीमियम, आणि आमची केझिया नाही?"

"तुम्हीच अर्ज परत दिलात."

"आण इकडं."

त्यांनी पेन इतकं दाबून लिहिलं की सही खालच्या कागदावरही उमटली.

पुढच्या आठवड्यात, घरोघरची मिळकत तपासून, गावच्या काउन्सिलची यादी आली. दातवाले, पोहणारे सगळे गळाले होते. केझियाचं नाव होतं. नोरीन राहणार होती. ग्लेनिसला इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले. शेवटचं नाव वाचून तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. रूफस थॉर्नली. काउन्सिलची चूक झाली म्हणून ती फोन उचलणार, तोच खिडकीत फिलिपाबाई. त्यांनी मागे कुणी नाही ना, ते पाहून घेतलं.

"आलंय ना नाव?"

"आलंय."

"धंदा मे महिन्यात बुडाला," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचं जुनं पत्र घेऊन मी या खिडकीशी उभी राहिले नसते."

ग्लेनिस काही बोलणार, इतक्यात विल्फ आत शिरले. फिलिपाबाई ताठ झाल्या आणि त्यांनी आवाज चढवला. "व्हायोलिन वाजवतो म्हटलं नव्हतं मी?"

"पहिलं नाव कुणाचं?" विल्फनी विचारलं.

"बोरिल," ग्लेनिस म्हणाली. यादी आडनावांच्या अक्षरक्रमानं आहे, हे मात्र तिनं पोटातच ठेवलं.

विल्फनी फिलिपाबाईंकडे कनवाळूपणे पाहिलं. "मनाला लावून घेऊ नका, बाई. पोरगं लहान आहे अजून. पुढच्या वर्षी येईल वर."