फितीमागचे मुखपृष्ठ

गोदातीर विद्यापीठाच्या संकेतस्थळाचे नवे मुखपृष्ठ तीन तारखेला तयार झाले. उद्घाटनापूर्वी ते कोणाच्याही नजरेस पडू नये, ही जबाबदारी मुखपृष्ठ समितीचा सदस्य-सचिव या नात्याने माझ्यावर आली. काम बांधकामाच्या शीर्षाखाली मंजूर असल्याने जुने पान आधी रीतसर पाडण्यात आले. नवे पान बनवणारा रजत हा अंबडच्या कापड दुकानदाराचा मुलगा. समितीच्या ठरावानुसार त्याने पानावर एक लाल फीत आडवी काढली आणि तळाशी संगमरवरी रंगाची कोनशिला बसवली. परीक्षा, प्रवेश, ग्रंथालय या साऱ्या विभागांची पाने फितीमागे सुखरूप होती.

उद्घाटनाला ठरलेल्या पाहुण्यांची तारीख मिळेना. त्यात जिल्ह्यातले दुसरे एक वजनदार गृहस्थ आपल्याला डावलले म्हणून रुसले. त्यांचा मान राखायला परीक्षा विभागाचे पान त्यांच्या हस्ते उघडायचे ठरले. पण आधी कोण, हा प्रश्न नाजूक होता. म्हणून दोघांनी एकाच मुहूर्तावर फीत कापावी असा तोडगा निघाला, आणि दोघांनाही मोकळा असेल असा दिवस आम्ही शोधू लागलो.

बारा तारखेला कुंभार पिंपळगावची शालू माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बी.ए.चा एकच विषय राहिलेला. तो निघाला तर पदवी, आणि पदवी असेल तरच तलाठी भरतीचा अर्ज. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत पंधरापर्यंत होती.

"सर, पान उघडूनच न्हाई राह्यलं. नुसती लाल फीत दिसून राह्यली."

"फीत नीट दिसते ना?"

"दिसती की."

"म्हणजे संकेतस्थळ चालू आहे." मी तशी नोंद घेतली.

"मंग फारम कुठं भरू? कागदावर दिला तर चालंल का?"

विद्यार्थ्यांची पायपीट वाचावी म्हणून कागदी अर्ज आम्ही गेल्याच महिन्यात बंद केले होते. हे तिला समजावून सांगितले. ती दोन एसट्या बदलून आली होती.

रजत शेजारीच बसला होता. "सर, परीक्षेचं पान बराबर चालून राह्यलं. तिच्यापुरतं खोलू का? दोन मिनटांचं काम हाय."

मला पोरीची दया आली, म्हणून मी स्वतः कुलसचिवांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला.

"पान सगळ्यात आधी कुणी उघडलं म्हणायचं मंग?"

"शालूने."

"मंग उद्घाटक कोण झालं? कोनशिलेवर तिचं नाव टाकता का?"

तरीही कुलसचिव उदार मनाचे. त्यांनी तिथल्या तिथे मुदत वीस तारखेपर्यंत वाढवली. संकेतस्थळावर प्रसिद्ध झाल्याशिवाय परिपत्रक लागू होत नाही, म्हणून ते त्याच दिवशी प्रसिद्धही केले. फितीमागे.

एकवीस तारखेला दोन्ही पाहुणे आले. संगणकाच्या पडद्यावर खरी फीत बांधली होती, दोघांनी दोन कात्र्यांनी ती कापली आणि मोठ्या पडद्यावर परीक्षा विभागाचे पान झळकले: 'अर्ज भरण्याची वाढीव मुदत संपली आहे.' सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. गर्दी दिसावी म्हणून बोलावलेल्या विद्यार्थ्यांत शालूही होती. ती माझ्याजवळ आली.

"सर, मुदत वाढली व्हती?"

"तुझ्याचसाठी वाढवली होती," मी म्हणालो. मला लाज वाटली. हात मात्र टाळ्या वाजवतच होते.

कार्यक्रमाचा फोटो संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. तुम्हालाही आला असेल. पाहुण्यांच्या कोणत्या बाजूला कोण उभे आहे, हे तुम्ही बारकाईने पाहिले असेल आणि अंगठाही दिला असेल. त्यांच्या मागे पडद्यावरची ओळ अगदी स्पष्ट वाचता येते.