देवाजीभाऊंची हजेरी

साठीच्या माणसांना नाव पुकारून ‘हजर’ म्हणायला लावणारा शिपाई तुम्ही पाहिलाय का? आमच्या कॉलेजात होता. देवाजीभाऊंना निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण दर हिवाळ्यातल्या माजी विद्यार्थी मेळाव्याला जुनं हजेरीबुक त्यांच्याच काखेत असायचं.

नागपुरातलं आमचं कॉलेज वस्तीने वर्गणी काढून उभारलेलं. घरातली पहिली पदवी आणणारी आम्ही पोरं, म्हणून मेळाव्याला अख्खी वस्ती लोटायची. लेझीम, घरोघरच्या भाज्या-भाकरी, आणि नियम एकच. हारतुरे नकोत, प्रत्येकाने डझनभर वह्या आणायच्या. वस्तीतली पोरं त्यांच्यावर वर्षभर शिकायची. एकदा एक मोठे अधिकारी पुष्पगुच्छ घेऊन आले. देवाजीभाऊ म्हणाले, “साहेब, याच्यावर पोट्टे गणित कसे सोडवतीन?” साहेब निमूट दुकानाकडे वळले.

नाव पुकारल्यावर उत्तर आलं नाही की ते म्हणत, “कामठीची बस लेट असंन.” माणूस अमेरिकेत असो की इथल्याच मनीषनगरात, बस कामठीचीच. आमच्या वेळी कामठीची पोरं रोज उशिरा यायची आणि ती येईपर्यंत हे गृहस्थ हजेरीबुक सरांच्या हाती लागू देत नसत.

पुढे माणसं गळत गेली. ग्रुपवर मेळाव्याची तारीख पडली की अंगठे उगवायचे, इतकंच. मीही त्यातलाच. नोकरी मिहानमध्ये, म्हणजे अर्ध्या तासाची वाट, तरी चार वर्षं फिरकलो नाही. सांगायलाही लाज वाटते.

यंदा गेलो, कारण कॉलेज बंद होतंय. प्रवेशच होत नाहीत. म्हटलं, देवाजीभाऊंचा सत्कार करू, म्हणून मोठा हार घेतला. वह्या विसरलो.

फाटकाशी इस्त्रीच्या खाकीत देवाजीभाऊ एकटेच उभे होते. त्यांनी हाराकडे पाहिलं आणि काखेतलं हजेरीबुक उघडलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी हजेरी घेतली. प्रत्येक नावाला थांबून रस्त्याकडे पाहत. पहिल्या काही नावांना बस लेट होती. नंतर त्यांनी तेही म्हणणं सोडलं. माझं नाव आलं, मी ‘हजर’ म्हणालो, आणि रिकाम्या पटांगणात माझाच आवाज मला ओशाळवाणा वाटला.

मी बुकात डोकावलो. गैरहजेरीची खूण कुठेच नव्हती. न आलेल्यांचे चौकोन कोरे.

“भाऊ, गैरहजेरी काहून नाही लावली?”

“लावली का मानूस गेला गा. कोरं ठेवलं तं आल्यावर भरता येते.”

माझ्या नावापुढे चार चौकोन कोरे होते. त्यांनी पेन पुढे केलं. मला ते घेववलं नाही.

त्यांनी फाटक ओढून घेतलं. बुक छातीशी धरून म्हणाले, “पुढच्या साली हे घेऊन मी कुठं उभा राहू गा?”

हार माझ्याच हातात होता.