शालिग्रामांनी खोटं सोडलं

चातुर्मासात काहीतरी सोडायचं म्हणून मंदाकिनीने चहा सोडला. शालिग्रामांना चहाही सुटत नव्हता आणि वांगंही, म्हणून त्यांनी खोटं बोलणं सोडलं. बायकोने कपाळावर हात मारला. हा माणूस नव्या रायपूरला सरकारी ऑफिसात नोकरीला! पहिल्याच दिवशी त्यांनी फोनवर सांगितलं, "साहेब समोरच बसले आहेत. नाहीत म्हणून सांगा म्हणतात."

साहेबांचा राग निवला, पण पुढच्या रविवारी शंकरनगरहून सरलाबाई मुलाला, भार्गवला, घेऊन शालिग्रामांच्या लेकीला, यामिनीला, पाहायला आल्या. यामिनीला हे स्थळ मनापासून हवं होतं. मंदाकिनीने सकाळीच नवऱ्याला बजावलं, "तुम्ही फक्त हसा."

पोह्यांचा घास घेत सरलाबाई म्हणाल्या, "वा! पोरीनं केले?"

"हो ना," मंदाकिनी म्हणाली.

"नाही," शालिग्राम म्हणाले. "नाक्यावरच्या ठेल्याचे आहेत. यामिनीले पोहे जमत नाहीत."

मग मंदाकिनीने भिंतीवरचं भरतकाम यामिनीचं म्हणून दाखवलं, तेही शेजारणीचं असल्याचं शालिग्रामांनी सांगून टाकलं. यामिनी रडवेली होऊन बापाला आत घेऊन गेली. "पापा, आज के दिन तो झूठ बोल दो ना!"

लेकीचे डोळे पाहून शालिग्राम विरघळले. ते बाहेर आले तसं सरलाबाईंनी विचारलं, "पोरगी रागीट तर नाही ना, भाऊ?"

शालिग्रामांनी डोळे मिटले. "आमची यामिनी? गरीब गाय हो!"

"इतका खरा माणूस असं म्हणून राहिला म्हणजे प्रश्नच मिटला," सरलाबाई खूश होऊन उठल्या.

पण शालिग्रामांना व्रत मोडल्याचं सोसेना. पाहुणे फाटकाशी पोचले तसे ते अनवाणीच मागे धावले. "ताई, ते गाईचं खोटं होतं! भयंकर रागीट आहे पोट्टी!"

स्कूटर काढणारा भार्गव हसून म्हणाला, "हव काका, मालूम है. कॉलेज से डाँट खा रहा हूँ." आणि त्याने जीभ चावली.

"कॉलेजपासून?" सरलाबाई कडाडल्या. "मग मले पोट्टी पाहायला काहून आणलं रे?"

शालिग्राम बायकोकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"साऱ्या पाऱ्याले, अख्ख्या मोहल्ल्याले माहीत आहे," मंदाकिनी म्हणाली. "तुमच्या व्रतामुळंच तुम्हाले नाही सांगितलं. तुम्ही त्याच दिवशी यांना फोन केला असता!"

शालिग्रामांना राग आला, रडूही आलं. "रागीट आहे, ताई," ते यामिनीकडे बघत म्हणाले, "पण मी ऑफिसातून येईपर्यंत ती जेवत नाही. ती गेल्यावर माझ्यासाठी कोण थांबेल, मले समजत नाही."

सरलाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "भाऊ, लग्न पक्कं समजा. फक्त आमच्या घरी सांगा, आपण दोघांनीच जमवलं म्हणून. भार्गवचे वडील फार कडक आहेत, प्रेमलग्न म्हटलं की संपलं."

शालिग्रामांनी हात जोडले. "मग बोलणी कार्तिकी झाल्यावर ठेवा, ताई. तोवर मी तुमच्या घरी पाय ठेवत नाही."